वाचनालयाच्या निंबाला झोका

"औंदा मी आखाजीले नही येत, भाऊ," अक्का फोनवर म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, लेक माहेरी येणार, सांजोऱ्या खाणार, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणणार. माझी ही थोरली बहीण शिंदखेड्याहून चाळीस वर्षं येत होती. पण दिवाळीनंतर आई गेली. जुन्या धुळ्यातलं घर त्याआधीच विकलं होतं, आणि मी राहतो नदीपलीकडच्या देवपुरात, तिसऱ्या मजल्यावर.

"आई व्हती तवय माहेर व्हतं," ती म्हणाली. "तुना फ्लॅटमा झोका कोठे बांधशी? पंखाले?"

ती हसली, पण मी तिला ओळखून आहे. अक्का एकदा यायची थांबली की थांबलीच. मग लग्नकार्यात तेवढी भेट, पाहुण्यासारखी. मला ते नको होतं, अजिबात नको होतं. "तू ये तर खरी, झोका मी दाखवतो!" मी ओरडलो आणि फोन ठेवला. बायको म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. झोका आहे कुठे?"

तेच तर शोधायचं होतं. दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि पांझरेचा पूल ओलांडून जुन्या गावात शिरलो. आधी बाग गाठली. नुकतीच रंगवलेली, कारंजंबिरंजं सुरू केलेलं. झोपाळे होते, पण पाटी होती: बारा वर्षांखालील मुलांसाठी. वजन पेलतं का बघावं म्हणून मी स्वतः एकावर बसलो, तर वॉचमनने अशी शिट्टी फुंकली की चार पोरं माझ्याकडे बघून खिदळायला लागली. निघालो तिथून मुकाट्याने.

आणि मग वाचनालयाच्या फाटकातून मला तो निंब दिसला. अहो, काय सांगू! लहानपणापासून त्याच्याखाली सायकल लावत आलो, पण त्याची ती आडवी फांदी कधी डोळ्यांत भरली नव्हती. मांडवासारखी रुंद सावली, खाली मोकळं आवार, आणि भिंतीपलीकडे तालीम, म्हणजे दोराची सोय आयतीच. तिथल्या तिथे कागद मागून मी अर्ज खरडला: "आखाजीच्या दिवशी दुपारनंतर आवार वापरायला मिळावे."

सेक्रेटरी आबांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "इथं लोक वाचायला येतात. पत्ते कुटायला नाही."

"पत्ते? कोण पत्ते कुटतंय?"

"आखाजीला दुसरं काय करतात माणसं? आज आवार द्या, उद्या चटया, परवा पोलीस."

माझा पारा चढला. आमच्याकडे आखाजीला गल्लोगल्ली पुरुषांचे डाव रंगतात, हे खरं. पण मी आयुष्यात कधी पत्त्याला हात लावला नाही, आणि हा माणूस मला चाळीस वर्षं ओळखतो! मी त्यांना बोललो, त्यांनी मला सुनावलं. पेपर वाचणारे सगळे मान वर करून बघायला लागले. शेवटी एक म्हातारे वाचक वैतागून म्हणाले, "अहो भाऊ, पण आवार हवंय कशाला, ते तरी सांगा!"

"झोक्याला!" मी ओरडलो. "बहिणीला झोका बांधायचाय!"

आबांनी चष्मा काढला. "मग असं लिहायचं ना, शहाण्या." खरंच, मी ते लिहिलंच नव्हतं. माझ्या डोक्यात आखाजी म्हणजे बहीण, त्यांच्या डोक्यात तीन पत्ती. आबांनी अट एकच घातली: दोर तालमीचा आणि गाठ तिथल्या उस्तादांच्या हातची.

आखाजीला सकाळी मी घरी, पितरांसाठी भरतात तशी, आईच्या नावाची घागर भरली. दुपारी माझ्या हट्टाखातर अक्का बसमधून उतरली, हातात छोटी पिशवी, संध्याकाळच्या बसने परत जायचं ठरवूनच आलेली. मी तिला थेट वाचनालयात नेलं. तालमीचे सत्तरीचे उस्ताद स्वतः दोराला लोंबकळून खात्री करत होते. झोका बघून अक्का थबकली. पदर तोंडाला लावला आणि जागची हलेना. "हाई काय आपलं घर शे का, भाऊ?" ती हळूच म्हणाली.

उस्ताद खाली उतरले, घाम पुसला. "अक्का, दोन तास झायात गाठी मारीसन. बठा आते!"

आणि बसली हो! मी पहिला झोका दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला तिने गाणं उचललं. खणखणीत आवाज, आईचाच. वरच्या खिडक्या उघडल्या. गल्लीतून एक बाई आली, मग दोघी, मग फाटकात हीऽ गर्दी. कुणाच्या भावांनी घर विकलेलं, कुणाचा भाऊच उरलेला नाही. सगळ्या रांगेत उभ्या, आणि माझी अक्का एकेकीला आपल्या हाताने झोका देतेय, "घट धरजो" म्हणून दटावतेय. आबांनी वाचनकक्ष बंद केला आणि दारात खुर्ची टाकून बसले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

बसची वेळ झाली. मी स्कूटर बाहेर काढली. अक्का पिशवी घेऊन आली, मागे बसली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी उतरून पुन्हा आत गेली. आबा आणि उस्ताद दोर सोडत होते.

"पुढला साले पाट जरासा खाले बांधज्यात," ती त्यांना म्हणाली. "मना गुडघा आते ऐकत नही."

मला रडूच फुटलं. भर रस्त्यात, स्कूटरवर बसल्या बसल्या.