टूटूला केलेलं पिको

आधी मावशींचं सांगते, काय झालं ते मागाहून. हॉर्नबी या उपनगरात टायरच्या दुकानामागे एक पत्र्याची शेड आहे. क्राइस्टचर्चमधल्या बॅले शिकवणाऱ्या शाळांचे पोशाख तिथे शिवले जातात. ती शेड चालवणाऱ्या सत्तरीच्या गोऱ्या बाई म्हणजे माझ्या मावशी. मी आज या देशात काम करून खाते ते त्यांच्यामुळे.

मावशी हे नाव मीच ठेवलं. इथे मालकिणीलाही नावाने हाक मारतात, मला ते जमेना. मॅडम म्हटलं तर त्यांना त्यांच्या शाळेतल्या मोठ्या बाई आठवायच्या. म्हणून पहिले दोन आठवडे मी हाकच मारली नाही, काही विचारायचं असलं की समोर जाऊन उभी राहायचे. शेवटी सांगितलं, आमच्यात आईच्या बहिणीला मावशी म्हणतात.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण मग चहा तू करायचा."

माझी शाळा आठवीत सुटली. हडपसरला एका ब्लाउजच्या दुकानात बसायला लागले ते लग्नानंतरही बसतच राहिले. नवऱ्याला इथल्या कारखान्यात मशीनवरची नोकरी मिळाली आणि आम्ही आलो. बोललेलं इंग्रजी मला समजतं. छापलेली अक्षरं जुळवून वाचते. पण हाताने लिहिलेली, एकातून एक निघत जाणारी अक्षरं बघितली की मला घाम फुटायचा. हे मी शेडमध्ये सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांच्या चाचणीवर होते, आणि चाचणी संपायला आठ-दहा दिवसच उरले होते. कळलं तर काढून टाकतील, हे मनात इतकं पक्कं होतं की रोज सकाळी पर्स घेताना वाटायचं, आजच.

तेवढ्यात मावशींना डोळे दाखवायला दोन दिवस जायचं होतं. जाताना त्यांनी एका टूटूचं काम माझ्यावर टाकलं. टूटू म्हणजे बॅलेवाल्या मुलींचा तो कमरेपासून थाळीसारखा आडवा पसरलेला झगा. नायलॉनच्या कडक जाळीचे बारा थर, वरचा सगळ्यात रुंद, खालचे अरुंद होत गेलेले. जाळी कापून ठेवलेली होती. मी चुण्या घालून थर जोडायचे, एवढंच. सोबत त्यांच्या अक्षरातलं एक कार्ड होतं. सगळं स्पष्ट आहे ना, त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

आमच्याकडे कड उघडी ठेवणं म्हणजे काम अर्धवट टाकणं. साडी आणली की आधी फॉल-पिको, मग ती नेसायची. या जाळीच्या कडा मला बघवेनात. मी बाराही थरांना दोरा जुळवून बारीक पिको केलं, दोन दिवस खपून. शाळा सुटल्यावर माझी मुलगी शेडमध्ये येऊन बसायची. ती म्हणाली, "हीप्स प्रिटी, आई," म्हणजे इथल्या बोलीत खूपच सुंदर. ते कार्ड तिच्याकडून वाचून घेता आलं असतं. पण नऊ वर्षांच्या लेकीपुढे ते धरायला माझा हात उचलला नाही.

गुरुवारी सकाळी मी टूटू पुतळ्यावर चढवला. तो आडवा राहीना. सगळीकडून खाली झुकला. मावशी आल्या, त्यांनी एक थर उचलला आणि कडेवरून बोट फिरवलं. दुपारी तीनला नृत्याच्या बाई तो न्यायला येणार होत्या.

कार्डावर काय लिहिलंय, वाचून दाखव, त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत अजून औषध होतं. त्यांच्या मनात पेचात धरण्याचं काही नव्हतं. मी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"मला हे येत नाही," मी म्हणाले. "छापलेलं येतं. हे नाही."

मी पर्स कुठे ठेवली आहे ते बघून घेतलं. मग मावशींनी दोन कात्र्या काढल्या आणि एक माझ्यापुढे केली.

"कड शिवली की वजन येतं, म्हणून तो पडला. जाळीचे धागे सुटत नाहीत, तिची कड शिवायची गरज नसते. पिको सगळं कापून टाकायचं. मला नीट दिसत नाही, तू माझ्या पुढे कापत राहा."

आम्ही सर्वात खालच्या थरापासून सुरुवात केली. अर्धा इंच, गोल फिरत. झगा आखूड होईल, मी म्हणाले. त्यावर त्या हसल्या. याचं सगळं आयुष्य आखूड होण्यातच गेलंय म्हणाल्या, आणि कापता कापता सांगू लागल्या. पूर्वी राजवाड्यांत नाचणाऱ्या बायकांचे झगे जमिनीला टेकायचे, पाय दिसायचेच नाहीत. मग कुणीतरी तो घोट्याच्या वर घेतला, तर लोकांनी नाकं मुरडली. पुढे पोटरीपर्यंतचे पांढरे मलमलीचे थर आले. पण रंगमंचावर तेव्हा उघड्या ज्योतींचे दिवे असत, आणि झगे पेट घेत. मुली जळून गेल्या. आग लागू नये म्हणून कापड एका रसायनाच्या पाण्यात बुडवता यायचं, पण त्याने ते पिवळट आणि ताठ व्हायचं. कित्येकींनी नको म्हटलं.

पुढे पावलं अवघड होत गेली तसा झगा गुडघ्यापर्यंत चढला, आणि मग आतल्या तारेच्या जोरावर आडवाच झाला. मावशींनी मला मागच्या दांडीवरचे दोन जुने झगे काढायला लावले. एक लांब, एक घंटेसारखा. ते मी रोज झटकत होते, पण कुणामागून कोण आला ते मला ठाऊक नव्हतं.

मला नऊवारी आठवली. आमच्याकडे नाचायला पाय मोकळे हवे झाले तेव्हा लांबी कापली नाही, काष्टा मागे खोचला. हे मी त्यांना कागदाची घडी घालून दाखवलं. त्यांनी कात्री थांबवून ते दोनदा करायला लावलं.

तीन वाजता बाई आल्या. मावशींनी आपणहून सांगितलं की अर्धा इंच कमी आहे. मुलगी लहानखुरी आहे, उलट बरंच झालं, असं म्हणत बाईंनी टूटू हातावर आडवा धरला. तो हलला नाही. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, असं म्हणून त्या तो घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवं कार्ड होतं. सुटी, मोठी अक्षरं, आणि शेजारी चित्र: जाळीची कड, तिच्यापाशी सुई, सुईवर फुली. पुढच्या आठवड्यात चाचणी संपली, तो दिवस त्यांच्या लक्षातही नव्हता. मी मात्र त्या दिवशी, आता काढतील, अशी संध्याकाळपर्यंत वाट बघत होते.

त्याला आता चार वर्षं झाली. मावशींच्या नजरेचा मधला भाग धूसर झालाय. चित्रातली सुई हल्ली कडेपाशी न पडता भलतीकडेच पडते. शेडमध्ये बुटांचा एक खोका आहे, त्यात त्यांची जन्मभराची कार्डं आहेत, कुठला झगा कसा केला त्याची. ती त्यांना आता वाचता येत नाहीत. म्हणून मी दर शनिवारी वाचनालयात हाताने लिहिलेलं वाचायला शिकते, लेक घरी तपासते आणि फार हसते. मी सध्या दोन ओळींपुढे अडखळते.

मावशी, तो खोका कुणाला देऊ नका. एक दिवस चहा करून मी तुमच्यासमोर बसेन आणि पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत सगळं तुम्हाला वाचून दाखवीन.