रविवार धरत नाहीत

राखेच्या बुधवारी आंटी अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज घालून चर्चला यायच्या. एरवी वर्षभर, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा, मनगटापर्यंत बाह्या. त्या दिवशी मात्र कपाळावर राखेचा क्रूस लावून घ्यायच्या, बाकावर येऊन बसायच्या आणि दोन्ही दंड उन्हात वाळवण घालावं तसे मोकळे टाकायच्या. "सध्या उपवास चालू आहे," असं शेजारणीला सांगायच्या. उपवास त्यांचा नसायचा. नवऱ्याचा असायचा.

तुम्हीही तुमच्या सोसायटीत, देवळात बायकांच्या बाह्यांकडे कधीतरी पाहिलं असेल. मी फार पाहते. मला पटकन बोलायला सुचत नाही, त्यामुळे पाहायला वेळ मिळतो. मम्मीला याची काळजी. "जरा माणसांत मिसळ," म्हणत तिने माझं नाव शनिवारच्या वेदीच्या कामाला देऊन टाकलं. काम म्हणजे वेदीमागच्या खोलीत मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासायचे, फुलं लावायची, फादरांचे झगे आणि वेदीचं कापड इस्त्री करायचं. इस्त्री आंटींची. पहिल्याच शनिवारी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"इंग्लिश मीडियमच्या मुली कापड भाजतात," त्या म्हणाल्या. "तू पितळ घास. त्याचं काही बिघडत नाही."

माणसांत मिसळण्याची ती माझी सुरुवात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस म्हणजे लेंट, आमचा उपवासकाळ. या दिवसांत प्रत्येकजण आवडीचं काहीतरी सोडतो. मम्मी चहा सोडते आणि मग घरात कुणी कपबशी वाजवली तरी भांडते. माझा भाऊ इन्स्टाग्राम सोडतो, ते शुक्रवारपर्यंत. एका शनिवारी मी धीर करून आंटींना विचारलं, अंकल काय सोडतात. मला वाटलं होतं, दारू.

"छे, दारू चालू असते." त्यांनी कापडावर पाणी शिंपडलं. "मला मारणं सोडतात."

मी हातातलं पितळ घासत राहिले. इस्त्रीखाली पाणी चरचरलं.

"हसलीस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्या हसतात."

हे कसं सुरू झालं, तेही त्यांनीच सांगितलं. पूर्वीच्या म्हाताऱ्या फादरांकडे अंकलनी एकदा पापनिवेदन केलं. फादरांनी प्रायश्चित्त दिलं, या उपवासकाळात बायकोवर हात उगारायचा नाही. फादरांच्या मनात असणार, एवढे दिवस हात आवरला तर सवय सुटेल. अंकल खडकीला कारखान्यात होते, भोंग्यावर उठणारा आणि भोंग्यावर जेवणारा माणूस. त्यांनी सांगितलेली मुदत पाळली आणि मुदत संपल्यावर पुन्हा कामाला लागले. पुढच्या वर्षी न सांगता पाळली. मग दरवर्षी.

"शिस्त बघ," आंटी म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क कौतुक असायचं. "एकदा हात वर गेला होता. बुधवार आठवला, तसाच खाली आणला. मग दाराला लाथ घातली. फळी फुटली. दाराचा काय उपवास नव्हता."

बाकीच्या वर्षात त्या खोलीत मी काय काय पाहिलं, ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिल्याशिवाय आंटी कळायच्या नाहीत. कानामागे गरम उलथन्याचा चट्टा. मानेवर चार बोटं, निळी, मग हिरवी, मग पिवळी. एका ईस्टरनंतर उजव्या हाताची दोन बोटं मोडून आली. अंकलनी ती पाट्याच्या कडेवर ठेवून वरून पाय दिला होता, मटणात मीठ जास्त झालं म्हणून. त्या शनिवारी आंटींनी डाव्या हाताने इस्त्री केली आणि कापडाला एक सुरकुती राहिली नाही. रक्त चर्चच्या कापडाला लागू नये म्हणून त्या ओठावर आधी बर्फ धरून बसायच्या, रुमाल कोरडा निघाला की मग उठायच्या.

हेच अंकल लेंटमधल्या दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या प्रार्थनेला, सगळ्यांत पुढे लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चालायचे. आवाज भरदार. येशूला फटके मारतात तो भाग आला की त्यांचे डोळे खरंच भरून यायचे. मी बाजूने पाहिलेलं आहे. ढोंग नव्हतं ते.

मी एकदा म्हटलं, "आंटी, तुम्ही कंप्लेंट का नाही करत? ऑप्शन्स असतात."

"तुझ्याकडे असतात. तू शिकलीस," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्याकडे लेंट आहे. या दिवसांत मी झोपते, पोटभर खाते, अंग भरून येतं. त्यावर पुढचं वर्ष निघतं."

गेल्या वर्षी नवे फादर आले. तरुण, हसरे, गिटार वाजवणारे. उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी प्रवचनात त्यांनी विचारलं, कुणी काय काय सोडलंय. लोक लाजले. फादर म्हणाले, "घाबरू नका. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. मोजून बघा घरी. तेव्हा रविवारी चहा घ्या, मटण खा, आनंद करा."

सगळं चर्च हसलं. मम्मीने तर माझा हात दाबला.

अंकल पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते. ते हसले नाहीत. कारखान्यात नवा नियम वाचून दाखवल्यावर माणूस मान हलवतो, तशी त्यांनी एकदा मान हलवली. माझ्या शेजारी आंटी बसल्या होत्या. त्यांनी पदर ओढून उघड्या दंडांवर घेतला.

पुढच्या शनिवारी त्या मनगटापर्यंत बाह्या घालून आल्या. एक डोळा पूर्ण मिटलेला. खाली बसताना त्यांनी टेबल धरलं.

"फादरांनी रविवार मोकळा केला," त्या म्हणाल्या.

चर्चहून घरी गेल्यावर अंकलनी चांगला शर्ट काढला, घडी करून कपाटात ठेवला, डाग पडायला नको म्हणून. मग पट्टा काढला. पट्ट्याच्या बकलाचा चौकोन आंटींच्या पाठीवर इतक्या ठिकाणी उमटला होता, की मला चादरीवरचा छाप आठवला. "एरवी रोजचं रोज असतं, थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "हे आठवड्याचं एकदम. म्हणाले, सोमवारपासून पुन्हा बंद. आणि खरंच बंद. मंगळवारी मला बामसुद्धा लावून दिला."

त्या दिवशी इस्त्री झाल्यावर त्या मला घेऊन फादरांच्या ऑफिसात गेल्या. मी दाराशी उभी राहिले. आंटींनी सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. फादरांनी फोन जवळ ओढला.

"आपण आत्ता पोलिसांकडे जाऊ," ते म्हणाले. "आधी डॉक्टरकडे."

"ते नंतर. आधी रविवार बंद करा."

"म्हणजे?"

"उद्या मिस्साला सांगा, रविवार धरायचा म्हणून. तुम्ही सांगितलं की ते ऐकतात."

फादर खुर्चीत मागे टेकले. "अहो, पण हा काही मी केलेला नियम नाही. आणि मारणं हे कुठल्याच दिवशी..."

"ते मला ठाऊक आहे, फादर. त्यांना रविवारचं सांगा."

फादरांनी सांगितलं नाही. नियम चुकीचा सांगायचा तरी कसा, अशा पेचात ते पडले असावेत. त्यांनी दुसऱ्या रविवारी सकाळी अंकलना बाजूला घेऊन समजावलं. अंकल हात जोडून "हो फादर, हो फादर" म्हणत होते. त्या दुपारी त्यांनी आंटींचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. फादरांकडे गेल्याबद्दल. आंटींना एका कानाने ऐकू येईनासं झालं.

तिसरा रविवार. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या, शेवटी फादर सूचना वाचतात. शुक्रवारी क्रुसाची वाट, कुणाचा तरी निळा डबा सापडलाय, अशा. त्या संपल्या आणि आंटी उठल्या. त्या सरळ वेदीशेजारच्या माइकपाशी गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच गेल्या असाव्यात, कारण माइक त्यांच्या कपाळाशी येत होता आणि तो खाली करता येतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्या टाचा उंचावून बोलल्या.

"एक सूचना राहिली. माझा नवरा लेंटमध्ये मला मारत नाही. बाकी वर्षभर मारतो, हे तुम्हाला माहीत आहे. फादर म्हणाले, रविवार धरत नाहीत. म्हणून मागच्या दोन्ही रविवारी मारलं. आज रविवार आहे. मी आता घरी चालले आहे. कुणाला बरोबर यायचं असेल त्याने यावं."

कुणी हललं नाही. मग तिसऱ्या बाकावरून अंकल उठले आणि मधल्या वाटेने, क्रूस घेऊन चालतात त्याच सावकाश चालीने, वेदीपाशी गेले. मला वाटलं ते गुडघे टेकतील. त्यांनी आंटींचा अंबाडा धरला आणि त्यांचं तोंड माइकच्या दांड्यावर आपटलं. तो आवाज चर्चच्या सगळ्या स्पीकरमधून आला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात पडल्याचं कळलं, कारण स्पीकरमध्ये तेही ऐकू आलं.

पहिली मम्मी उठली. माझी मम्मी, जी रिक्षावाल्याशीसुद्धा वाद घालत नाही. तिने मागून अंकलची कॉलर धरून खेचली. मग पुढच्या बाकांवरच्या बायका. एकीने जाड गीतपुस्तक त्यांच्या कानशिलावर घातलं, पुन्हा घातलं, बांधणी सुटून पानं उडाली. कुणीतरी चप्पल काढली. कुणीतरी हाताला चावलं. ज्या बायका इतकी वर्षं बाह्यांवरून नजर वळवून घेत होत्या, त्याच. अंकल खाली पडल्यावरही त्या थांबल्या नाहीत. त्यांचा चांगला शर्ट पाठीवर फाटला. फादर "बास करा, बास करा" म्हणत मधे शिरले आणि त्यांनाही लागलं. मीही तिथे होते. अंकलच्या हाताच्या बोटांवर माझा बूट होता आणि मी तो उचलला नाही.

खालून अंकल एकच म्हणत होते. "आज रविवार आहे, फादर. तुम्हीच सांगा यांना. आज रविवार आहे." आवाजात राग नव्हता. नियमाने वागूनही शिक्षा झालेल्या माणसाचा गोंधळ होता.

आंटी वेदीच्या पायरीवर बसून हे पाहत होत्या. हनुवटीवरून रक्त ओघळून मांडीवर पडत होतं. त्यांनी कुणाला थांबवलं नाही आणि कुणाला चेतवलंही नाही.

पोलीस आले, अंकलना घेऊन गेले. काही दिवसांनी ते सुटले आणि घरी आले. आंटी तोवर आमच्याकडे होत्या, माझ्या खोलीत. पेज प्यायच्या. जबड्याला टाके. शनिवार आला तशा उठून माझ्याबरोबर चर्चला आल्या. ईस्टरआधी पुतळे झाकायची जांभळी कापडं कपाटातून काढायची होती, त्यांना इस्त्री लागते.

चर्चच्या कमिटीतले दोघे ज्येष्ठ तिथे आले. दोघेही सभ्य माणसं. एकाने घसा खाकरला.

"ताई, झालं ते वाईट झालं. पण पवित्र आठवडा तोंडावर आलाय. ते रोज रडतात. हा क्षमेचा काळ आहे. ईस्टरच्या आत समेट झाला, तर सगळ्या धर्मग्रामाला बरं वाटेल."

आंटींनी कापडाची एक बाजू पूर्ण केली. टाक्यांमुळे शब्द नीट निघत नव्हते, म्हणून त्या सावकाश बोलल्या.

"क्षमा केली."

दोघांचे चेहरे उजळले.

"घरी जात नाही," आंटी म्हणाल्या.

"पण क्षमा केलीत म्हणता ना?"

"मनापासून केली. घरी जात नाही."

दोघे जांभळ्या कापडांच्या गठ्ठ्याला वळसा घालून निघून गेले. आंटींनी उरलेली कापडं संपवली, बटण बंद केलं, वायर गुंडाळली. मग इस्त्री माझ्यापुढे सरकवली.

"आधी चिंधीवर फिरवून बघायची," त्या म्हणाल्या. "मग कापडावर."

वारज्याला मुलींच्या एका हॉस्टेलात स्वयंपाकाचं काम मम्मीने शोधून दिलं. राहायला तिथेच मागे छोटी खोली. त्या पुन्हा आमच्या चर्चला आल्या नाहीत. इस्त्री आता मी करते. वेदीच्या कापडाची घडी मधोमध येत नाही, आणि फादरांच्या ते लक्षात आलं तरी ते काही म्हणत नाहीत. या वर्षीच्या लेंटमध्ये त्यांनी प्रवचनं कागदावर लिहून आणली आणि वाचून दाखवली. अंकल येतात, तिसऱ्या बाकावर बसतात. बाकीचा बाक रिकामाच असतो.

ईस्टरच्या दुपारी मी आंटींना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मी फोन हातात घेऊन बसले. मम्मी म्हणाली, वारज्याला जायला रिक्षा बोलवायची का. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज जड, घोगरा.

"काय गं, एवढे मिस्ड कॉल?"

"आंटी, तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? मुली घरी गेल्यात, सुट्टी आहे. जेवले, आतून कडी लावली आणि आडवी झाले." त्यांनी जांभई दिली. "आत्ता जाग आली. मला वाटलं सकाळ आहे."