बाबांचा पिंजरा राज्याच्या हद्दीत अडकला

हॅम्बर्गकरांनो, मासे पकडायला शेजारच्या राज्यात जाणार असाल तर आधी तिथले नियम बघा. आमची आज फजिती झाली.

माझे सासरे श्रीवर्धनहून आलेत. नातीला चिंबोऱ्यांचं कालवण खाऊ घालायचंच, म्हणून त्यांनी बाल्कनीत बसून तार आणि नायलॉनच्या दोरीचा खेकडे पकडायचा पिंजरा विणला. आमिष काय, तर सुके बोंबील! ट्रेनमध्ये आमच्या आजूबाजूच्या सीटा आपोआप रिकाम्या झाल्या.

बाल्टिकच्या धक्क्यावर तपासनीस बाई आल्या. नवऱ्याने ऐटीत हॅम्बर्गचा मासेमारीचा परवाना दाखवला.

"आल्झो," म्हणजे 'असं बघा', त्या म्हणाल्या, "हा गळासाठी. पिंजऱ्याचे इथले नियम वेगळे. तो टाकता येणार नाही."

बाबांचा चेहराच उतरला. एवढा उतरला की मला त्या बाईंचा उगाच राग आला. बाबांनी बोंबील सोडवून पिशवीत भरले.

आता तो पिंजरा माझ्या स्वयंपाकघरात टांगलाय, कांद्यांनी भरलेला. टांगताना बाबा म्हणाले, "सूनबाई, कांद्यांना परवाना लागत नाही ना? विचारून घे हो."

गुरुवारी ते परत जाताहेत. तुमच्या घरी कोण काय मागे ठेवून गेलंय?