ठमी, घट आणि सहावी माळ

घटाची सहावी माळ होती, त्या सकाळी आमची ठमी बरणीतून पळाली. पाणी फवारताना मी तोंडावरची जाळी काढलेली आणि रबरबँड परत लावायला विसरले... गाढवपणा सगळा माझाच.

ठमी म्हणजे प्रार्थना कीटक. बोटभर लांब, हिरवीगार, पुढचे दोन पाय नमस्काराला जोडल्यासारखे. पितृपक्षात गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सापडली आणि मी तिच्या प्रेमातच पडले. मान वळवून आपल्याकडे टक लावून बघणारा किडा मी तरी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला! खाऊन झालं की मांजरीसारखे एकेक पाय साफ करत बसते... एवढी टापटीप आमच्या घरात दुसऱ्या कोणाकडे नाही, नवऱ्याकडे तर नाहीच.

अडचण एकच. ठमीला माशी जिवंत लागते. मेलेलीकडे ढुंकूनही बघत नाही.

आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घट बसले त्याच दिवशी बजावलं होतं, "नऊ दिवस घरात जीव मारायचा नाय गो." आई मूळच्या माजिवड्याच्या, शेतकरी घरातल्या. लग्न होऊन इकडे टेंभी नाक्याजवळ आल्या त्याला पन्नासेक वर्षं झाली, पण नवरात्रात त्यांच्या शब्दापुढे आजही कोणाचं चालत नाही. मग मी रोज बरणी गॅलरीत न्यायची, दार लोटून घ्यायची आणि चोरून माश्या सोडायची.

तिसऱ्या माळेपासून ठमीने खाणंच सोडलं. माशी नाकासमोरून गेली तरी ढिम्म. मला वाटलं, ऑक्टोबरच्या उन्हात रोजची ने-आण तिला बाधली. आईंवर मनातल्या मनात मी जाम चरफडत होते... यांच्या सोवळ्यापायी माझी ठमी जाणार!

तर त्या सकाळी ती गायब. सोफ्याखाली, पडद्यामागे, फ्रीजच्या मागे शोधलं. तेवढ्यात देव्हाऱ्याजवळून आईंचा आवाज आला, "इकडं ये. पण हळू."

घटाच्या बरोबर वर, कालच्या झेंडूच्या माळेला ठमी उलटी लटकत होती. अंग थरथरत होतं. संपलं सगळं, असं वाटून मी तिला उचलायला हात पुढे केला, तर आईंनी माझं मनगटच धरलं.

"हात नको लावू. कात टाकते ती. भातात बघायचो ना आम्ही. आता पडली की संपली." माजिवड्याला आज टॉवर आहेत तिथे तेव्हा भातशेती होती. मी तीन आठवडे मोबाइलवर मॅन्टिसचे व्हिडिओ बघत होते आणि तिने खाणं कातीसाठी सोडलंय हे मला कळलं नाही.

आता पंचाईत अशी की सहावी माळ त्याच दोरीला बांधायची होती. दोरीला हात लागला असता तर ठमी खाली आली असती. आईंची आंघोळ झालेली, माळ ओवून तयार, आणि माळ चढल्याशिवाय त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. "दुसऱ्या खिळ्याला बांधू का?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो खिळाच विसरून गेले.

मग त्यांनी माळ ओल्या फडक्यात गुंडाळून ताटात ठेवली. पाट ओढला आणि बसल्या. खालून ढोल जात होते, तर मला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.

मध्येच माजिवड्याहून त्यांच्या बहिणीचा फोन आला, माळ चढली का म्हणून. आई हळू आवाजात म्हणाल्या, "घरात बाई अडलीय. मोकळी झाली की चढवते." आणि फोन ठेवून दिला. मला हसू आवरेना आणि डोळ्यात पाणीही येत होतं.

ठमीची पाठ उकलली. आधी डोकं बाहेर आलं, मग घट्ट बांगडीतून हात काढावेत तसे एकेक पाय. एक पाय अडकला... आईंनी डोळे मिटून हात जोडले. शेवटी तोही सुटला, आणि ती उलटून स्वतःच्याच रिकाम्या कातीला धरून वर चढली. पाठीवर चुरगळलेलं काहीतरी ओलं दिसत होतं, ते हळूहळू खाली उलगडत गेलं... पंख!

"नवं पातळ नेसते बघ," आई म्हणाल्या.

पंख वाळवून ती आपल्या पायांनी दोरीवरून भिंतीवर गेली, तोवर दोन वाजायला आले होते. मग माळ चढली, आरती झाली. मी पाण्याचा तांब्या दिला तो आईंनी एका दमात संपवला. सत्तरीची बाई सकाळपासून एका किड्यासाठी कोरडी बसली होती आणि मी त्यांना चार दिवस मनात नको नको ते बोलले होते. फार लाज वाटली मला.

तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "हिला खायला बघ काहीतरी. आणि गॅलरीत नको नेऊ, इथंच दे." म्हणजे माझी चोरी त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती!

"पण आई, घट आहेत ना... नऊ दिवस जीव मारायचा नाही म्हणालात."

"देवी सिंहावर बसते. सिंह काय भगर खातो?"

ठमी त्या दिवशी काही खाणार नव्हती, कात टाकल्यावर अंग मऊ असतं. दुसऱ्या दिवशी खाल्लं. माशी आईंनी पकडली होती, पदराने. त्या फेसबुकवर नाहीत म्हणून इथे निवांत लिहितेय... थँक्यू, आई. तोंडावर म्हटलं तर ओरडा बसेल.