विलीनीकरणाची सही

पालमच्या टपाल कचेरीतले सूर्यभान कारकून पुण्याच्या एका कारखान्याचे मालक होते. म्हणजे झालं असं, की पत्र्याची खेळणी करणाऱ्या टिमटिम कंपनीचे वीस शेअर त्यांनी एकाहत्तर साली घेतले, आणि ‘शेअरवाला म्हणजे मालक’ असं कुणीतरी सांगितल्यापासून त्यांची चालच बदलली. कंपनीला ते सल्ल्याची पत्रं धाडत. माकडाची झांज जरा हळू वाजू द्या, बाहुलीच्या गालावरची लाली कमी करा. बायको कस्तुराबाई म्हणायची, "आवो मालक, तेवढी लाकडं फोडून द्या. का त्यालाबी मीटिंग लागतीय?"

मालकीचा एकच खरा उपयोग झाला. जावई पंडित चित्रं झकास काढायचा, पण हाताला काम नव्हतं. सूर्यभानांनी त्याच्याजवळ कंपनीच्या नावानं चिठ्ठी दिली, आणि काय सांगावं, गड्याला रंगखात्यात घेतलं! बाहुल्यांचे डोळे रंगवायचं काम. एकुलती लेक मनकर्णा पुण्याला नांदायला गेली. तिनं पत्र्याची का होईना, स्वतःची खोली मांडली, आणि सूर्यभान गावभर सांगत फिरले, "लेकीचा संसार म्या उभा केला."

शहात्तर साली कंपनीचा इंग्रजी कागद आला. सोबत सहीचा फॉर्म. ते हेडमास्तर दिनकररावांकडं गेले.

"मास्तर, काय म्हणायलीय आमची कंपनी?"

दिनकररावांनी कागद उलटासुलटा केला. "मुंबईची एक बादल्या करणारी कंपनी हाय. तिच्यात तुमच्या कंपनीचं विलीनीकरण करायचंय. शेअरवाल्यांची संमती मागायलेत."

विलीनीकरण! अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य भारतात विलीन झालं, तेव्हा सूर्यभान अठरा वर्षांचे होते. रझाकारांच्या धाकानं रानात लपलेली माणसं त्या दिवशी गावात परतली होती. कधी न रडणारा बाप भर रस्त्यात हसत हसत रडला होता. त्यानंतर या शब्दाचा दुसरा काही अर्थ असेल, हे त्यांच्या मनालाच शिवलं नव्हतं.

"मंग इचारायचं काय त्यात? सुटली की कंपनी!"

"कशातून सुटली?"

ते सूर्यभानांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी झोकात सही ठोकली, पाकिटावर कचेरीचा शिक्का स्वतःच्या हातानं हाणला आणि सगळ्यांना पेढे वाटले.

बादलीवाल्यांना कारखान्याची जागा हवी होती, माकडं नको होती. चार महिन्यांत खेळण्यांचं खातं बंद झालं. पंडित आणि मनकर्णा एक ट्रंक घेऊन पालमच्या एसटीतून उतरले. त्याच आठवड्यात सूर्यभानांच्या नावानं नव्या कंपनीचे शेअर आले. भाव दुपटीनं वाढला होता. त्यांनी ते पाकीट कस्तुराबाईलासुद्धा दाखवलं नाही.

पंडित दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. पोळा आला तसा बैलांची शिंगंही. मनकर्णा बापाला ताट वाढायची, पण वर बघायची नाही. सूर्यभान अर्ध्या ताटावरून उठायचे. पोळ्याच्या आदल्या दुपारी त्यांना राहवेना. अंगणात पंडित एका बैलाच्या शिंगाला हिरवा रंग देत होता. मनकर्णा डबा धरून उभी.

"जावईबापू, त्या विलीनीकरणाच्या कागदावर माझी सही व्हती. म्या व्हय म्हणालो."

पंडित हसला. मोकळ्या मनाचा माणूस, सासऱ्याचं ओझं उतरवायला निघाला. "आवो मामा, बहुतेक समदे शेअर बादलीवाल्यांनी आधीच घेतले व्हते. तुमच्या इसाला कोण इचारतंय? उगं जिवाला लावून घेऊ नका."

"तसं न्हाई. माझ्या चिठ्ठीवर तुमाला घेतलं व्हतं त्यांनी..."

"चिठ्ठी खिशातच राह्यली, मामा. फाटकावर पाटी व्हती, रंगारी पाहिजेत. म्या रांगेत उभारलो."

सूर्यभान ओट्यावर बसले. तोंडातल्या तोंडात म्हणत राहिले, "न्हाई, माझ्या सहीनंच झालं. माझ्याच सहीनं."

पंडित पुन्हा समजावायला गेला, तशी मनकर्णानं त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं. रंगाचा डबा खाली ठेवून ती बापासमोर आली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"व्हय आबा," ती म्हणाली. "तुमच्याच सहीनं झालं."

तेव्हा कुठं सूर्यभानांना रडू फुटलं.