लोणच्याला न चालणारा हात

मालनचा डोळा लागतोय, पण पुरता लागत नाही. दुपारची जेवणं आवरलीत आणि ती स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर, उशाला पाट घेऊन आडवी झालीय. शेजारी परातीत कैरीच्या फोडी मीठ-हळद लावून तयार आहेत, वर मोहरीची डाळ, मेथी, तिखट. फोडणीचं तेल तेवढं निवायचंय. तेल निवलं की कालवायचं, आणि कालवायचं कुणी, इथंच तर घोडं अडलंय!

कारण या घरात मालनचा हात लोणच्याला चालत नाही. सासूनं, आत्याबाईंनी, तिच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी तसं जाहीर करून टाकलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात नणंद, शेवंतावन्सं, पलीकडच्या गल्लीतून कालवायला येतात. आत्याबाई गेल्या दिवाळीत वारल्या, पण ते वाक्य घरात ठेवून गेल्या. यंदा सून अनुजा पोटुशी आहे. ती सकाळीच म्हणाली, "आई, मला तुमच्या हातचंच लोणचं पाहिजे." मालनला कोण आनंद झाला! तोवर वन्संचा फोन आलाच. "ऊन उतरलं की येते मी. तू हात लावू नकोस हं, पोरीला बाधायचं." झालं! तेव्हापासून मालन सारखी स्वतःच्या तळव्यांकडं बघतेय. हात खरंच वाईट असला तर?

"निवलं का गं तेल?"

ओट्याला टेकून आत्याबाई बसल्यात. अंगावर शेवटचं नेसवलेलं लुगडं, त्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. मालनला भीती वाटायला हवी, पण तिला येतो तो राग.

"तुम्ही कशाला आलात?"

"राखायला. तू हात घालणार, माहितीय मला. आगाऊच तू पहिल्यापासून."

"हे तुम्हाला वाटतं."

"वाटतं कसलं! गावाला विचार जा."

ओटा घरघरायला लागतो, कारण ती पिठाची गिरणी आहे. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या आहेत, सगळ्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या. आत्याबाई तराजूच्या पारड्यात मांडी घालून बसल्यात आणि पारडं जराही खाली जात नाही.

"हिचा हात लोणच्याला चालत नाही," रांगेतली पहिली म्हणते.

"तू पाहिलंस?" मालन विचारते.

"पाहायचं काय त्यात? मला हिनं सांगितलं." ती मागचीकडे बोट करते. मागची तिच्या मागचीकडे. बोट फिरत फिरत तराजूपाशी येऊन थांबतं.

"बघ," आत्याबाई म्हणतात, "सगळे म्हणतात."

"सगळे कुठले? एकट्या तुम्ही म्हणालात. बाकीच्यांनी नुसतं पुढं ढकललं."

"तोंड बघा हिचं! बुरशी आली होती का नव्हती?"

आता दोघी माळ्यावर आहेत. माळा आढ्याला टेकलाय, तरी चिनी मातीची बरणी मालनपेक्षा उंच. आत पांढरी साय धरलेलं, तिचं लग्नाच्या पहिल्या वर्षीचं लोणचं.

"आली होती," मालन म्हणते. "ती आली, हे खरं. बरणी ओली होती, हेही खरं. तुम्ही ती नुसती पुसून माझ्या हातात दिलीत. मी म्हटलं, तळाला पाणी आहे, उन्हात ठेवू. तुम्ही म्हणालात, कालची पोर मला शिकवते. आठवतंय का?"

आत्याबाई बरणीकडं पाठ करतात.

"आठवतंय का नाही?"

"आठवतंय! मेले म्हणून विसरले नाही." त्या फणकारतात. "मग काय करायचं होतं मी? भावाची पोरगी आणायची होती मला या घरात. भावाला शब्द दिलेला. तुझ्या सासऱ्यानं परस्पर तुझ्या बापाकडं सुपारी फोडली. तू मला आवडलीच नाहीस, कधीच नाही. पण आवडत नाही म्हणून सांगितलं तर लोक मलाच नावं ठेवणार. सुनेत काहीतरी खोट दाखवावी लागते, बाई."

मालनचे डोळे भरून येतात, रागानंच.

"तेवढंच म्हणायचं होतंत. तू मला आवडत नाहीस. मी रडले असते, चार दिवस जेवले नसते. पण माझा हात तर माझा राहिला असता! आणि आता ते पोटातल्या लेकराला बाधणार म्हणे."

"बाधेलच."

"हे घडलंय, का तुमच्या मनात आहे?"

"माझ्या मनात आहे!" आत्याबाई ओरडतात. "आणि राहील!"

"राहू दे की. तुमच्या मनात राहू दे."

मालन पुढं वाकते. परात समोरच आहे. तसा आत्याबाईंचा हात सपकन येतो आणि तिचं मनगट आवळतो, तिखटाचा, तेलकट. मालन हिसडा देते. ते सुटत नाही.

"वहिनी! झोपलीस होय?"

दारात वन्सं उभ्या. मालन उठून बसते. तेल निवलंय, ती ते फोडींवर ओतते.

"सरक, मी कालवते," वन्सं पदर खोचतात. "आई म्हणायचीच, तुझा हात..."

"आत्याबाईंना मी आवडत नव्हते, वन्सं. तेवढं खरं होतं. बाकीचं त्यांनी वरनं लावलं."

"अगं पण नासलं तर?"

"नासलं तर दिसेल. तेव्हा बोला."

मालन बांगड्या मागं सारते आणि चरचरतं म्हणून मनगटाकडं बघते. तळवे कोरडे, स्वच्छ आहेत. पण मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा उमटलाय, हळदीच्या तेलाचा, पिवळा जर्द.

वन्संचा हात तोंडावर जातो. "बया! कुणी धरलं गं एवढं?"

"तुमच्या आईनं," मालन म्हणते, आणि त्याच हातानं लोणचं कालवायला लागते.