बिनदेठाचं संत्रं

“तुमच्यात हात धुवायची पद्धत नसते का गं?”

मोठ्या डॉक्टरांनी भर वॉर्डात विचारलं. खाटेवरच्या म्हाताऱ्याची जखम चिघळली होती. पट्टी सोडली तसा वास सुटला. माझ्याबरोबर नर्सिंग शिकणाऱ्या पोरींनी नाकाला रुमाल लावले.

“ही पट्टी तूच केलीस ना?”

मी केली नव्हती. त्यांच्या हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरनं केली होती. तो तिथंच उभा होता, खिडकीबाहेर बघत. सांगायला मी वर बघितलं. डॉक्टर उंच, माझ्या उजव्या अंगाला. डोळे तिकडं गेले आणि घसा आवळला.

“हो सर.”

“राखीव जागेवर आल्या की असंच व्हायचं. सोमवारी राऊंडला सगळ्यांपुढे पुन्हा कबूल कर. मग जा गावी.”

सत्तरच्या दशकातलं नागपूर ते. हे पहिल्यांदा होत नव्हतं. थर्मामीटर कुणी फोडलं? हो सर, मी. औषध कुणी चुकवलं? हो सर. खोलीतली मैत्रीण माझ्यावर चिडायची. “काहून हो म्हनते वं? तुया जिभेले लकवा मारते का?” मला काय माहीत! घाबरायचे, एवढंच ठाऊक. आणि गावी गेले की संत्र्याच्या बागेत मजुरी, मायच्या शेजारी, मरेपर्यंत.

मैत्रिणीनं मला ओढतच मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. जिना चढताना मी पदरानं तोंड झाकलं. कुणी बघितलं तर? आधीच चोर, वरून वेडी.

बाईंनी फार काही विचारलं नाही. एक पेन्सिल माझ्या डोळ्यांपुढं धरली. “डोकं हलवू नकोस. नुसत्या डोळ्यांनी हिच्या टोकाकडे बघ.” पेन्सिल हळूहळू सरकू लागली. डावीकडं काही नाही. मधे काही नाही. उजवीकडं वर गेली आणि माझ्या पापण्या फडफडल्या. बाई तिथंच थांबल्या.

“पुस्तकात हे मी वाचलेलं नाही, पण पेशंटमध्ये पाहिलंय. डोळा अडखळतो तिथे अंगातही काहीतरी अडकलेलं असतं. बघत राहा. अंगात काय होतंय ते सांग.”

मान दुखायला लागली. घसा बंद. मांड्या लटलट कापायला लागल्या. मला पळून जायचं होतं. पेन्सिल हलेना. आणि मग पेन्सिल दिसायचीच बंद झाली. फांदी दिसली.

नरखेडकडची बाग. माझ्या बापानं नागपुरात दीक्षा घेतली होती. देव सोडले, मालक सोडता आला नव्हता. माय फळं निवडायची, मी तिच्या मागं मागं. भूक लागली म्हणून झाडाखालचं एक संत्रं उचललं. उंच मालकानं उजवीकडून येऊन वेणी धरली. मान मागं ओढून माझं तोंड वर केलं.

“कोन्या देठाचं तोडलं, दाखव. तवरिक मान खाली करायची नाही.”

ऊन डोळ्यांत घुसत होतं. मजूर बघत होते. मान मोडायला आली. लघवी झाली, पायांवरून वाहत गेली. कुणी तरी हसलं. माय हात जोडून म्हणाली, “दाखव वं माय, कोनताही दाखव.”

मी एक देठ दाखवला. चोर ठरले.

बाईंच्या खोलीत मी थंडी भरल्यासारखी कापत होते, आणि माझ्या मुठीतलं ते संत्रं आता मला नीट दिसत होतं. त्याला देठच नव्हता! झाडावरचं संत्रं कात्रीनं देठासकट कापतात. देठ नसतो तो गळून पडलेल्याला. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे जाणतं. मालक जाणत होता. माय जाणत होती. मीही जाणत होते, आणि तरी इतकी वर्षं स्वतःला चोर समजून जगत आले होते. मला इतका संताप आला की दात वाजायला लागले.

“बस झालं,” बाई मायेनं म्हणाल्या. “आता सोडून दे ते.”

“नाही सोडत,” मी म्हटलं. “आत्ताच तर सापडलं.”

सोमवार आला. मी भीती कमी होईल म्हणून वाट बघत होते. झाली नाही. डॉक्टर खाटेपाशी आले, तीच उजवी बाजू, तीच उंची. घसा तसाच आवळला. मी डोळे तिथून हलवले नाहीत. पाय कापत होते, त्यांना कापू दिलं.

“हं, बोल. तूच केलीस ना?”

“नाही सर. पट्टी यांनी केली.” आवाज चिरकला, पण निघाला. मी शिकाऊ डॉक्टरकडं बोट केलं.

“आधी मान खाली कर.”

“नाही करत.”

म्हातारा पेशंट उशीवरून म्हणाला, “पोरगी खरं बोलून राहिली साहेब.” कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

मला काढलं नाही. माफीही कुणी मागितली नाही. त्या शिकाऊ डॉक्टरचं काही बिघडलं नाही. मला मात्र महिनोन्महिने घाणीची कामं लावली, आणि मी ती केली.

भीती अजून आहे. उजवीकडून कुणी उंच माणूस बोलला की आजही घसा बंद होतो. होऊ दे. जे मी केलं नाही त्याला हो म्हणणार नाही. आणि नुसतं नाही म्हणून थांबणारही नाही. ज्यानं केलं, त्याच्याकडं बघून त्याचं नाव घेईन.